पाटीच्या फरशीवरची अक्षरं

आमच्या घरात दोन भाऊ होते आणि दोघांच्याही अंगाला जवसाच्या तेलाचा वास यायचा. थोरले माझे वडील. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, म्हणून आम्ही मुलंही अण्णाच म्हणत असू. ते जुन्या दगडी फरश्या स्वच्छ करून पुन्हा जिवंत करायचे आणि त्यांना जवसाचं तेल पाजायचे. धाकटा विठूकाका छापखान्यात खिळे जुळवायचा. तिथली शाई म्हणजे जवसाच्याच तेलात घोटलेली काजळी, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. माझ्या आईला सगळे अक्का म्हणत. दोघं भाऊ संध्याकाळी घरी आले की ती म्हणायची, "एकाच तेलात तळलेत दोघं, फक्त एक जरा जास्त काळा झालाय." मग दोघांना नळावर पिटाळायची. अंटवाळाच्या, म्हणजे रिठ्याच्या, फेसानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ताट मिळत नसे.

कॉटनपेठेच्या मागच्या बोळात आमचं तीन खोल्यांचं कौलारू घर होतं. अंगणातल्या दोरीवर कपडे कमी आणि अण्णांच्या चिंध्या जास्त असायच्या. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तो आपोआप पेटतो, म्हणून अण्णा प्रत्येक चिंधी वेगळी पसरून वाळत घालायचे. पाहुण्यांना वाटायचं, या घरात केवढी ही गरिबी. अक्काला त्याची लाज वाटे, पण ती अण्णांना कधी काही बोलली नाही. ती स्वयंपाकघरात रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, वळत बसायची. परातीवर तिच्या ओल्या तळव्याचा थापटल्यासारखा आवाज यायचा आणि शेजारी चुलीवर त्याच्याबरोबरचं पालेभाजीचं सार, बस्सारू, उकळत असायचं. अवरेच्या, म्हणजे हिरव्या वालाच्या, दिवसांत तर घरात पाऊल ठेवायला जागा नसे. भिजवलेल्या अवऱ्यांची सालं चिमटीनं काढत आम्ही सगळे गोल बसायचो आणि काका मध्ये बसून वाचून दाखवायचा.

काय वाचायचा, तर पत्रकं. छापखान्यात वाया गेलेले, वाकडे छापलेले कागद तो घरी आणायचा. दारूबंदीची पत्रकं, हुंड्याविरुद्धची, विधवाविवाहाच्या बाजूची, गिरणी कामगारांची. काही कन्नड, काही मराठी. फळीवर अंथरायला, कंदिलाची काच पुसायला, भाकरी गुंडाळायला आमच्याकडे तेच कागद असत. इतर मुलांनी गोष्टींवर वाचायला शिकावं तशी मी या कागदांवर शिकले. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. सोळाव्या वर्षी मला साधं मीठ मागता येत नव्हतं, प्रत्येक वाक्य आवाहनासारखं निघायचं. अक्का मला जेवायला बोलवायची ती अशी: "बंधुभगिनींनो, पानं वाढलीत, आता कृती करा." मी चिडायचे. मला खरोखर वाटायचं की या जगातला अन्याय नीट शब्दांत मांडला की तो लाजेनं मरून जाईल. तसं मला अजूनही थोडंसं वाटतं, म्हणून तर हे लिहिते आहे.

अण्णांच्या कामाविषयी थोडं सांगायला हवं. शाळेतल्या पाट्या ज्या दगडाच्या करतात, त्याच दगडाची फरशी ते करत. काळी, कुठं निळसर, कुठं शेवाळी झाक असलेली. कंटोनमेंटातल्या जुन्या बंगल्यांत आणि हेब्बाळच्या तळ्याकडच्या एकदोन घरांच्या व्हरांड्यात ती असायची. हा दगड पापुद्र्यापापुद्र्यांचा असतो. पाणी मुरलं की पापुद्रा सुटतो, ॲसिड पडलं की पांढुरके चट्टे उठतात, आणि वर्षानुवर्षं नुसतं मेण थापत गेलं की फरशी चिकट, मळकी, मेल्यासारखी दिसते. अण्णा आधी टर्पेंटाइननं जुनं मेण उतरवायचे. मग काथ्या आणि अंटवाळाच्या पाण्यानं घासणं, सुटलेले पापुद्रे दगडानं घोटून सपाट करणं, सांध्यांत चुना भरणं. त्यानंतर फरशी वाळेपर्यंत थांबायचं, आणि हे थांबणंच सगळ्यात अवघड. फरशीवर ते काचेचा पेला पालथा ठेवून यायचे. दुसऱ्या दिवशी पेल्याच्या आतून दव दिसलं, तर दगडात अजून पाणी आहे. ओल्या दगडाला तेल दिलं तर ते आतल्या आत पांढरं पडतं. पेला कोरडा निघाला की कोमट जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावायचं आणि दगडानं जेवढं पिऊन घेतलं त्याहून वरचं लगेच पुसून काढायचं. "पोटापुरतं पाजायचं," अण्णा म्हणत. "वर राहिलं की धूळ धरतं." शेवटी मधाच्या मेणाचा अगदी बारीक हात.

परवा एचएसआर लेआउटला भाचीच्या घरी फरशीला संरक्षक थर द्यायला एक तरुण आला होता. त्यानं डबा उघडला, रोलर फिरवला आणि दोन तासांनी पाण्याचा थेंब टाकून दाखवला. थेंब पसरला नाही. पोरगं कामात चोख होतं. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "यावर पहिलं कोण चालतं?" तो म्हणाला, "कुणीही चाला आंटी."

आमच्याकडे कुणीही चालत नसे. पहिलं चालायची मुनियम्मा. अण्णांच्या हाताखाली घासायला पाच बायका होत्या आणि मुनियम्मा त्यांची मुख्य. ठेंगणी, जाड मनगटांची, अखंड बोलणारी बाई. कन्नड बोलायची, राग आला की तेलुगूत जायची. माझ्या जन्माआधीपासून ती अण्णांबरोबर काम करत होती. फरशी पूर्ण झाली की ती पाय धुऊन, पुसून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अनवाणी चालायची आणि अण्णा गाल जमिनीला टेकवून तिरक्या उजेडात बघायचे. पावलाचा ठसा उठला नाही तर काम संपलं. घरमालकांना तो काहीतरी शुभ विधी वाटायचा. खरं तर ती कामाची तपासणी होती. पण इतक्या वर्षांत त्या दोघांपुरता त्या तपासणीला आणखीही काही अर्थ आला असावा, कारण तिच्या पायाला काटा लागला होता तेव्हा अण्णांनी दोन दिवस काम संपल्याचं सांगितलंच नव्हतं.

आमच्या समाजाचं एक छत्र होतं. छत्र म्हणजे लग्नकार्याची जागा, पुण्याकडची माणसं ज्याला मंगल कार्यालय म्हणतील. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून या मुलखात आले. घोडे केव्हाच गेले, पण समाजाच्या बैठकीत माणसं अजून रिकिबीत पाय असल्यासारखी बसत. त्यांना अण्णांचं काम पसंत नव्हतं. आपल्यातला माणूस गुडघे टेकून, कूली बायकांच्या रांगेत फरशी घासतो, हे त्यांना खुपायचं. त्यामुळे छत्राच्या सभागृहाची पाटीची फरशी कुणीतरी ॲसिडनं धुऊन बिघडवली आणि समितीनं अण्णांना बोलावणं पाठवलं, तेव्हा अण्णांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली. अक्कानं त्यांचं धोतर निळीतून काढलं. आपल्या माणसांनी आपल्या कामाला काम म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आम्हाला दिसत होतं.

बारा दिवस काम चाललं. मुनियम्मा आणि तिच्या बायका मागच्या दारानं येत, मागच्या दारानं जात. शुक्रवारी फरशी झाली. मी जेवणाचा डबा घेऊन गेले होते. खिडकीतला उजेड त्या काळ्या दगडात खोल उतरलेला दिसत होता. समितीचे कार्यदर्शी, म्हणजे सचिव, जगतापराव कोट घालून आले. त्यांनी फरशीची मनापासून तारीफ केली आणि मग म्हणाले, "अण्णा, पहिलं पाऊल समाजाच्या गुरुजींचं असेल. पुढच्या रविवारी, समारंभाला. त्या बायका आता आत नकोत."

"पाऊल ही आमच्या कामाची रीत आहे," अण्णा म्हणाले.

"रीत तुमची, छत्र समाजाचं. कामापुरतं झालं, चालवून घेतलं. आता देवाधर्माची जागा आहे."

मुनियम्मा मागच्या दाराबाहेर नळावर काथ्या पिळत होती. तिला ऐकू गेलं असणारच. अण्णा फरशीकडे बघत म्हणाले, "सरी."

'ठीक आहे' एवढाच अर्थ असलेल्या त्या एका कन्नड शब्दानं माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी जेवले नाही. शनिवारी सकाळीच काकाचा छापखाना गाठला आणि त्याला म्हणाले, मला पत्रक छापायचंय. काकानं वाचलं, डोकं खाजवलं. "अण्णाला विचारलंस?" म्हणाला. मी त्याला त्याच्याच आणलेल्या पत्रकांतली चार वाक्यं ऐकवली. त्यानं मला जागा करून दिली. आमच्या लोकांच्या लग्नपत्रिकांसाठी तिथं नागरी खिळ्यांचा एक खण होता. त्यातून मी दिवसभर उभं राहून स्वतः अक्षरं जुळवली. मजकूर मला अजून पाठ आहे. "बंधुभगिनींनो, जिच्या कष्टांनी ही भूमी उजळली ती असहाय विधवा आज दाराबाहेर अश्रू ढाळीत उभी आहे." असं बरंच. ते छापून हातात आलं तेव्हा मला आपण फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी समितीची माणसं पाहणीला येणार होती. रविवारी दुपारी अण्णा झोपले असताना मी छत्राची चावी घेतली आणि गेले. दाराजवळ बोट फिरवून पाहिलं, फरशी कोरडी ठाक. फरशीवाल्याची मुलगी, एवढी तपासणी मला येत होती. मग ज्या रांगांत पंगत बसते त्याच रांगांत, केळीची पानं मांडावीत तशी, मी सभागृहाच्या मधोमध एकेक पत्रक पालथं मांडत गेले. पालथं अशासाठी, की प्रत्येकाला वाकून, आपल्या हातानं उलटून वाचावं लागेल. या कल्पनेवर मी भारी खूश होते. तीन रांगा झाल्या.

मी शनिवारी छापखान्यात असताना अण्णा छत्रात होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ॲसिड पडलेला मधला भाग मंद दिसतोय म्हणून त्यांनी तेवढ्याच भागाला तेलाचा आणखी एक हात दिला होता.

सोमवारी मी अण्णांच्या मागोमाग छत्रात शिरले. अण्णांनी कागद पाहिले, पहिला उचलला. तो फाटला. अर्धा कागद फरशीला चिकटून राहिला, आणि जिथून सुटला तिथं काळ्या दगडावर त्याहून काळी, उलटी अक्षरं उमटली होती. ताजी शाई आणि ताजं तेल. भाऊबंदच ते, एकमेकांत मिसळून गेले होते. अण्णांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग ते खाली बसले आणि एका अक्षरावरून त्यांनी अंगठा फिरवला. अक्षर पसरलं. मी आयुष्यात बरंच काही लिहिलं, त्यातल्या कशानंही कुणाचा चेहरा तसा झालेला मी पाहिला नाही.

जगतापराव आले तेव्हा त्यांनी एक पत्रक वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. "कुणाचं काम हे?"

"माझ्या घरातलं," अण्णा म्हणाले. "फरशी रविवारच्या आत परत करून देतो."

"बायका लागतील ना तुम्हाला? बोलवा. कामाला चालतं."

मुनियम्मा आली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला ती पुट्टी म्हणायची, म्हणजे बारकी पोर. "पुट्टी, बस खाली," म्हणाली आणि काथ्या माझ्या हातात दिला. जन्मभर ते काम बघत आले होते, केलं कधीच नव्हतं. टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचा, शाई सुटली की अंटवाळाचं पाणी, मग काथ्या. पहिल्या रांगेतच गुडघे सोलले. शेजारी मुनियम्मा एका लयीत घासत होती.

"काय लिहिलंय ग हे?"

"अन्यायाविरुद्ध आहे."

"ते असेल. काय लिहिलंय ते वाच."

खिळे जुळवताना उलटं वाचायची सवय होते. मी फरशीवरूनच वाचून कन्नडमध्ये सांगायला लागले. "जिच्या कष्टांनी ही भूमी उजळली, ती असहाय विधवा..."

"विधवा कोण?"

मी काथ्या जोरात फिरवायला लागले. तिचा हात थांबला. "कोण ग विधवा?"

"तुम्ही."

"माझा नवरा सकाळी दोन मुद्दे खाऊन बैलगाडी घेऊन मार्केटात गेलाय. मेला कधी?"

"पत्रकात तसं लिहितात," मी म्हणाले.

"मग आधी तेवढं पूस. त्याला कळलं तर माझ्या हातचं जेवायचा नाही."

"त्यांना कुठं वाचता येतं?"

"मला तरी कुठं येतं? कळलंच ना मला." पलीकडची व्यंकटम्मा तोंडावर पदर धरून हसायला लागली. "पुढं वाच."

"ती दाराबाहेर अश्रू ढाळीत उभी आहे."

"मी काथ्या पिळत होते."

"मुकी, बिचारी..."

आता पाचही बायका हसल्या. व्यंकटम्मा म्हणाली, "ही मुकी झाली तर आम्हाला एक दिवस तरी आराम मिळेल." मुनियम्मानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हसू नको, पूस," म्हणाली.

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. "मग काय लिहायला हवं होतं?" मी विचारलं.

"मला विचारायला हवं होतं." तिनं बोळा पुन्हा टर्पेंटाइनमध्ये बुडवला. "माझं नाव न घेता माझ्याबद्दल लिहिलंस. ते कार्यदर्शी बोलले त्याचं मला नवल नाही. त्यांच्या वडिलांच्या घरची फरशीही मी घासलीय, तेही तसेच बोलायचे. पण अण्णा 'सरी' म्हणाले ना, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लिहायचं तर तेवढं लिही."

अण्णा आमच्या मागंच टर्पेंटाइनची बाटली घेऊन उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. त्यांनी बाटलीला बूच लावलं, तिसऱ्या रांगेच्या टोकाला जाऊन बसले आणि घासायला लागले. त्या दिवशी कुणीच पुढं वाचायला सांगितलं नाही.

मंगळवारी पेल्यात दव होतं. बुधवारीही होतं. अण्णांनी खिडक्या उघडून ठेवल्या, पंखा मागवला, समितीनं तो दिला नाही. गुरुवारी सकाळी पेला कोरडा निघाला आणि त्यांनी तेल दिलं, एरवीपेक्षाही पातळ. शनिवारी दुपारी जगतापराव चावी घ्यायला आले. पुढच्या दारात त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि आत यायला निघाले.

अण्णा दारातच उभे होते. "काम संपलेलं नाही."

"मला तर झालेलं दिसतंय."

"तिचं पाऊल राहिलंय."

जगतापरावांनी आवाज खाली आणला. "अण्णा, आपल्यातला माणूस म्हणून तुम्हाला काम दिलं. इतर कुणी असता तर त्या कागदांनंतर पायरीवरही उभा केला नसता."

"खरं आहे. पण पाऊल पडल्याशिवाय मी या फरशीची हमी घेत नाही. उद्या पंगतीत कुणाच्या शालूला तेल लागलं तर मला बोलवू नका."

"गुरुजींचं पाऊल पडेलच की उद्या."

"गुरुजींना काय कळतंय?" अण्णा म्हणाले. एवढं तिखट बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"समितीला पुढं विचार करावा लागेल."

"करा."

समितीनं विचार केला. त्यानंतर समाजाचं एकही काम अण्णांकडे आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या समारंभाला आमच्या घरातून कुणी गेलं नाही, कारण बोलावणंच आलं नाही. अक्कानं त्या रविवारी मटण केलं आणि आम्ही दार लावून जेवलो. अण्णांना याचं दुःख झालं. झालं नाही असं लिहिलं तर पुन्हा पत्रकच लिहिल्यासारखं होईल. शेवटपर्यंत त्या छत्रावरून जायचं झालं की ते पलीकडच्या बाजूनं चालत.

पण शनिवारी दुपारी ते वळले आणि मागच्या दाराकडे बघून त्यांनी हाक मारली. मुनियम्मा आली. अण्णा तिच्याकडे नीट बघत म्हणाले, "मुनियम्मा, चालशील का?"

तिनं आधी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाय धुऊ दे," म्हणाली. आणि वळसा घालून ती पुढच्या अंगणातल्या नळावर आली, जिथं पाहुणे पाय धुतात. पदरानं पाय पुसले आणि जगतापरावांच्या अंगावरून आत शिरली. ते भिंतीला सरकले. मी आणि अण्णा गुडघ्यांवर बसून बघत होतो. ठसा उठत नव्हता. ती सावकाश, पाऊल पूर्ण टेकवत, मधल्या रांगांपर्यंत गेली आणि थांबली. खाली वाकली. नखानं एक जागा खरवडून पाहिली.

"अण्णा, इथं एक राहिलंय."

अण्णांनी बोळा आणि बाटली माझ्या हातात दिली. मी नेऊन दिली. मुनियम्मा तिथंच, सभागृहाच्या अगदी मधोमध, मांडी घालून बसली आणि त्या एका अक्षराभोवती बोळा गोल गोल फिरवायला लागली. तिला कसलीच घाई नव्हती. जगतापराव खाकरले, आणि त्यांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

"थांबा स्वल्प," मुनियम्मा मान वर न करता म्हणाली. "ओलं आहे."

त्यांनी पाय मागं घेतला आणि चपला हातात धरून ते बाहेर थांबले.